विदर्भवादी आजोबांच्या नातीला 'प्रतिकूल' बाजू: वादविवादाचा मुलांना खरंच उपयोग होतो का?

ऋता_धरमपेठ | सोमवार, रात्री १०.४०

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. लांबण लागणार आहे, आधीच माफी.

लेक नववीत आहे. बोलण्यात फारशी पुढे नाही. पाहुणे आले की चहाचा ट्रे ठेवून आत पळणारी. यंदा आंतरशालेय वादविवाद स्पर्धेला जोडी हवी होती, बाईंनी हिचं नाव घातलं. विषय: 'वेगळं विदर्भ राज्य व्हायलाच हवं.' चिठ्ठ्या टाकल्या आणि हिच्या हातात आली प्रतिकूल.

आता आमच्या घरची गंमत ऐका. सासरे पक्के विदर्भवादी. जांबुवंतराव धोट्यांच्या सभा त्यांनी उभ्यानं ऐकल्यात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं आणि विधानभवनाकडचे रस्ते अडवले गेले की त्यांचं वाक्य ठरलेलं, "आले सहलीला." नातीचा विषय आणि बाजू कळल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि "फितूर!" एवढंच म्हणाले. हसत म्हणाले, पण पुढचे दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत हेही खरं.

हिनं पहिलं भाषण इंटरनेटवरून जमवलं. "माननीय अध्यक्ष महोदय" पासून शेवटच्या चारोळीपर्यंत. मला तर बरं वाटलं होतं. बाईंनी त्यावर उभी रेघ मारली आणि तिच्या हातात कोरा फुलस्केप दिला. मधोमध घडी. डावीकडे 'ते काय म्हणतील', उजवीकडे 'मी काय म्हणीन'. आणि सांगितलं, आधी डावी बाजू भर, आणि ती आजोबांकडून भरून आण.

त्या रात्री झोपाळ्यावर दोघं बसले. आजोबा सांगतायत, ही लिहितेय. १९५५ मध्ये फाजल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, तरी १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात घातलं. मराठी राज्यात येण्यासाठी विदर्भाला आश्वासनं देणारा १९५३ चा नागपूर करार पाळला नाही. दांडेकर समितीनं विकासाचा अनुशेष मोजला. संविधानाच्या कलम ३७१(२) खालची विकास मंडळं १९९४ ला आली, २०२० मध्ये मुदत संपली. तासाभरात डावी बाजू भरून कागद उलटा करावा लागला. मग ही विचारते, "आजोबा, तुम्ही करार वाचलाय?"

ते गप्प. मग म्हणाले, "वाचायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत आहे."

दोघांनी मिळून शोधला. वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं, हे आजोबांना पाठ होतं. पण शासनही ठरावीक काळापुरतं अधिकृतपणे नागपूरला हलवायचं, हे कलम त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं. म्हणजे त्यांच्याच बाजूचा एक सणसणीत मुद्दा प्रतिस्पर्ध्यानं शोधून दिला! दुसऱ्या दिवशीपासून बोलणं सुरू.

आता माझा प्रश्न. सासूबाई म्हणतात, पोरगी उलटून बोलायला लागली. ताटात कारलं वाढलं तरी 'मुद्दा क्रमांक एक' चालू होतो. नवरा म्हणतो, पुढच्या वर्षी दहावी आहे, हे चोचले कशाला. मला आतून वाटतंय की तिच्यात काहीतरी चांगलं होतंय, पण ते काय, हे नेमकं सांगता येत नाहीये. तुमच्यापैकी कोणी शाळा-कॉलेजात वादविवाद केलाय? नंतर त्याचं काय झालं? की कपाटात एक कप राहतो आणि बाकी शून्य?

---

तर्रीवाला | सोमवार, रात्री ११.०२

कप तरी राहतो ना ताई. मी तीन वर्षं बोललो, माझ्याकडे स्टीलची एक वाटी आहे फक्त, उत्तेजनार्थ. आई त्यात मीठ ठेवते.

बाकी आजोबा लय आवडले आपल्याला. फितूर म्हणून राहिले अन् मुद्देही सांगून राहिले!

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.१५

तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. ती डावी बाजू आधी भरायला लावणं, तिथेच सगळं आलं.

मी चोवीस वर्षं मुलांना स्पर्धांना नेलं. आपल्याकडे वक्तृत्व आणि वादविवाद यांत लोक फरकच करत नाहीत. वक्तृत्वात मुलगा भिंतीशी बोलला तरी चालतं. वादविवादात समोर एक जिवंत माणूस असतो आणि तो तुम्ही ठरवलेलं बोलत नाही.

एकदा माझाच एक विद्यार्थी अंतिम फेरीत होता. आवाज असा की माइक नको. आमची तयारी म्हणजे मी लिहून दिलेलं आणि त्यानं घोकलेलं. उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "माझ्या प्रतिस्पर्ध्यांनी आत्ताच म्हटल्याप्रमाणे..." आणि जे म्हणाला ते प्रतिस्पर्धी म्हणालेच नव्हते. ते भलतंच बोलून बसले होते. मागच्या रांगेतून हसू फुटलं. पोराला कळेना काय चुकलं. चूक त्याची नव्हतीच, माझी होती. मी त्याला बोलायला शिकवलं होतं, ऐकायला नाही. दुसऱ्या वर्षापासून भाषणं लिहून देणं बंद केलं.

सरावात मग एकच नियम ठेवला. समोरच्याचं म्हणणं आधी तुझ्या शब्दांत सांग. तो "हो, हेच म्हणालो" असं म्हणाला तरच उत्तर द्यायची परवानगी. पहिले पंधरा दिवस एकही पोरगं उत्तरापर्यंत पोचत नसे. "तसं नाही म्हटलं सर मी", हेच चाले.

सासूबाईंना सांगा, कारल्यावर बोलायला हरकत नाही, पण आधी कारल्याची बाजू मांड म्हणावं.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९.३०

सगळे गोडगोड लिहितायत, म्हणून मी.

चिठ्ठीत जी बाजू येईल ती तितक्याच तळमळीनं मांडायची, हे मला मुळातच खटकतं. चौदा वर्षांच्या मुलीला आपण काय शिकवतोय? की कुठलंही म्हणणं घ्या, आवाज चढवा, टाळ्या घ्या? रात्री नऊला टीव्हीवर आठ खिडक्यांत हेच बघतो आपण.

ऑक्सफर्ड युनियनचं, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांच्या वादविवाद मंडळाचं उदाहरण घ्या. ९ फेब्रुवारी १९३३ ला तिथल्या पोरांनी ठराव मंजूर केला की राजासाठी आणि देशासाठी आम्ही कुठल्याही परिस्थितीत लढणार नाही. २७५ विरुद्ध १५३. केवढा गदारोळ झाला! सहा वर्षांनी युद्ध आलं आणि त्याच पिढीतली मुलं लढायला गेली. मग त्या रात्रीचं मत खरं होतं की नुसता खेळ? खेळ असेल तर खेळ म्हणा, शिक्षण म्हणू नका.

---

पल्लवी_पुणे | मंगळवार, सकाळी ९.४१

वाचतेय. शंकासुरांशी थोडी सहमत. आमच्या सोसायटीतला एक डिबेटर मुलगा पार्किंगच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे तोंड बंद करतो. पार्किंगचा प्रश्न आहे तिथेच आहे.

---

अवनीश७ | मंगळवार, दुपारी १.२०

कॉलेजच्या डिबेट सोसायटीत आहे, इथे नागपुरातच. शंकासुर काकांना एवढंच सांगतो की टीव्हीवर चालतं त्याला डिबेट म्हणणं म्हणजे सिग्नल तोडण्याला ड्रायव्हिंग म्हणणं.

आमच्याकडे एशियन पार्लमेंटरी चालतं. तीन विरुद्ध तीन. विषय कळल्यावर तीस मिनिटं तयारी, फोन बंद. प्रत्येकाला सात मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधे समोरचा उठून प्रश्न विचारू शकतो, पण तुम्ही हात दाखवून "नंतर" म्हणालात की त्याला बसावं लागतं. शेवटी चार मिनिटांचं समारोपाचं भाषण, त्यात नवीन मुद्दा आणला तर परीक्षक तो धरतच नाहीत. ब्रिटिश पद्धतीत चार संघ, प्रत्येकी दोन जण, तयारीला फक्त पंधरा मिनिटं. तिथे तर तुमच्याच बाजूला दुसरा एक संघ असतो आणि त्याच्यापेक्षाही सरस ठरावं लागतं.

यात आवाज चढवून काही मिळत नाही. परीक्षक नंतर अर्धा तास समजावून सांगतात की तुझा कुठला मुद्दा कुठे गळाला. मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, "तू सहा मुद्दे मांडलेस, सिद्ध एकही केला नाहीस." घरी येताना मेट्रोत तोंड पाडून बसलो होतो. आता दोनच मांडतो.

शाळेतल्या मराठी स्पर्धांबद्दल मात्र एक तक्रार आहे. एकाच शाळेच्या जोडीतला एक अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल, आणि मिळून त्यांना एकच ढाल! म्हणजे वाद नक्की कोणाशी?

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी २.०५

@अवनीश, ढालीचं खरं आहे. फिरत्या करंडकांच्या सोयीसाठी पडलेली पद्धत आहे ती.

@शंकासुर, तुमची शंका जुनी आणि रास्त आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, गौतमांनी चर्चेचे तीन प्रकार वेगळे करून ठेवलेत. सत्य कळावं म्हणून चालतो तो वाद. जिंकायचं म्हणून, वाटेल ती युक्ती वापरून चालतो तो जल्प. आणि स्वतःचं काही न मांडता नुसतं दुसऱ्याचं पाडायचं ती वितंडा. 'वितंडवाद' शब्द आपण तिथूनच उचलला. चरकसंहितेतही वैद्यांनी चर्चा कशी करावी ते आहे: मित्रभावानं करायची ती संधाय संभाषा, भांडून करायची ती विगृह्य संभाषा. कुठल्या माणसाशी कुठली करायची आणि कोणाशी करायचीच नाही, हेसुद्धा सांगितलंय.

टीव्हीवर तिसरा प्रकार चालतो. म्हणून पहिला शिकवायचाच नाही का?

---

आकडेमोड | मंगळवार, रात्री ८.५०

थोडं संशोधनाबद्दल, कारण 'आत्मविश्वास वाढतो' छापाची वाक्यं ऐकून कंटाळा येतो.

शिकागोच्या सरकारी शाळांतल्या डिबेट लीगवर ब्रायाना मेझुक यांनी काम केलंय. १९९७ ते २००६ या काळातली मुलं. वादविवाद करणाऱ्यांत शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण जास्त दिसलं, गळती कमी. अडचण उघड आहे: मुळात चुणचुणीत पोरंच डिबेटला जातात. त्यांनी आठवीचे गुण वगैरे धरून तो फरक काढायचा प्रयत्न केला, तरी जी मुलं आपणहून येतात त्यांच्यातली जिद्द कुठल्या तक्त्यात मोजणार?

बोस्टनच्या शाळांवरचा २०२३ चा अभ्यास जास्त पटण्यासारखा आहे. त्यात त्याच मुलांचे डिबेटच्या आधीचे आणि नंतरचे गुण ताडून पाहिलेत. भाषेच्या परीक्षेत, त्यातही वाचून अर्थ लावण्यात सुधारणा झाली. गणितात तसा फरक नाही. आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो आधी मागे असलेल्या मुलांना.

आपल्याकडे आपण नेमकं उलट करतो. वर्गातली सर्वांत बोलकी मुलगी दरवर्षी तीच पाठवायची. ऋताताईंच्या लेकीच्या बाईंनी ट्रे ठेवून पळणारीला उभं केलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

नवऱ्याला दहावीची काळजी असेल तर भाषेच्या पेपरचं सांगा. गणिताचं वचन देऊ नका.

---

मितभाषी | मंगळवार, रात्री ११.३३

कधी लिहीत नाही इथे. आज लिहिते.

मी तोतरी आहे. 'प' आणि 'क' वर अडते. कॉलेजात मैत्रिणीनं ओढून नेलं, तेव्हा मी अट घातली की बोलणार नाही, फक्त समोरच्यांचे मुद्दे लिहून घेईन. वर्षभर तेच केलं. एका फेरीत आमच्या दोघी बोलणाऱ्या घाबरून एकमेकींकडे पाहत होत्या. मी चिठ्ठी सरकवली: "दुसऱ्या मिनिटाला ते म्हणाले खर्च कमी होईल, पाचव्याला म्हणाले केंद्र पैसे देईल. दोन्हींतलं काय खरं ते विचार." तिनं विचारलं. समोर शांतता. फेरी आम्ही जिंकलो आणि मी एक शब्द बोलले नव्हते.

दुसऱ्या वर्षी बोलले. अडखळले. 'प्रतिकूल' या एका शब्दावर किती सेकंद गेले कोण जाणे. पण मुद्दा पुढे गेला, आणि कोणी हसलं नाही, कारण सगळे खाली मान घालून तो लिहून घेत होते.

तोतरेपणा गेलेला नाही, तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण ऑफिसात मीटिंगमध्ये आता अडखळत का होईना, बोलते.

---

तर्रीवाला | मंगळवार, रात्री ११.५०

@मितभाषी, दंडवत.

---

काळाकोट | बुधवार, सकाळी ७.४५

हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो, तेव्हा 'मिळेल ती बाजू' हा आमचा पोटापाण्याचा प्रश्न आहे. :-)

शंकासुर, बाजू मांडणं आणि मत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला लहानपणी कळलं तो पुढे कोणाच्या नुसत्या भाषणाला भुलत नाही. गोड बोलून काय काय खपवता येतं, हे त्यानं स्वतः खपवून पाहिलेलं असतं.

माझ्याकडे येणाऱ्या ज्युनिअर मुलांना मी संविधान सभेतल्या चर्चा मोठ्यानं वाचायला लावतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी आकडे दिलेत: मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आणि त्याच भाषणात, ज्यांनी त्यांना सर्वाधिक छळलं त्या कामत वगैरे मंडळींचे आभारही मानलेत. सगळे माना डोलावणारेच असते तर सभेचं काम फार रटाळ झालं असतं, अशा अर्थाचं ते बोलले. हे हरि विष्णु कामत आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे तेव्हा नागपूर ज्याची राजधानी होतं त्या प्रांताचे. संविधानाच्या उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी दुरुस्ती त्यांनी आणली, मतदान मागितलं, आणि ४१ विरुद्ध ६८ ने हरले.

हे वाचताना पोरांच्या लक्षात येतं की हरलेला मुद्दाही नोंदीत राहतो. कोर्टात आम्ही तेवढ्यावरच जगतो.

---

शंकासुर | बुधवार, सकाळी १०.१०

काळाकोट, कामतांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो! ते त्यांचं स्वतःचं मत होतं, चिठ्ठीत निघालेलं नव्हतं.

पण ठीक. त्या चौदा वर्षांच्या मुलीनं आजोबांना करार वाचायला लावला, हे चिठ्ठीशिवाय झालं नसतं. एवढं मान्य. एवढंच.

---

ऋता_धरमपेठ | बुधवार, दुपारी ३.३०

इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मितभाषी, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण फुलस्केपवर तिसरा रकाना आखून घेतलाय: 'त्यांचंच त्यांच्याशी जुळत नाही ते'.

आणि मास्तरांचा नियम घरात लागू केला. काल रात्री आजोबा आणि ती, समोरासमोर. वेळेसाठी देवघरातली घंटा, सासूबाईंच्या हातात. ती म्हणाली, तुमचं म्हणणं असं की मुंबईत बसलेल्यांना इथलं दिसत नाही. आजोबा म्हणाले, बरोबर. ती म्हणाली, मग विदर्भाचे अकरा जिल्हे, राजधानी नागपूर. गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर. तिथल्या माणसाला नागपूरकर मंत्री आले की तो काय म्हणेल? 'आले सहलीला' असंच ना?

आजोबा जोरात हसले. मग सावरून छत्तीसगड, झारखंड, उत्तराखंड, तिन्ही २००० सालची, आणि २०१४ चं तेलंगण अशी यादी सुरू केली. राज्य लहान झालं की निदान दार ठोठावायला जवळ पडतं, हा त्यांचा मुद्दा. तो तिला खोडता आला नाही. सासूबाईंनी घंटा वाजवली ती मात्र आजोबांचं वाक्य अर्धं असताना. एवढ्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच ही सोय मिळाली म्हणे.

स्पर्धा शनिवारी आहे. कळवते.

---

तर्रीवाला | बुधवार, दुपारी ३.४२

काकूंना घंटा कायमची देऊन टाका.

---

ऋता_धरमपेठ | रविवार, सकाळी ११.१५

झाली स्पर्धा. नंबर आला नाही.

पहिले दीड मिनिट आवाज फुटलाच नाही. मग समोरच्या मुलानं नागपूर करारात फक्त अधिवेशनाचं कलम असल्याचं सांगितलं आणि हिनं मान वर केली. "माझ्या मित्रानं त्याच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा वाचलेलाच नाही, तो मी सांगते आणि मग त्याला उत्तर देते," असं म्हणून शासन हलवण्याचं कलम सांगितलं. सभागृहात कुजबुज. उत्तर द्यायला जेमतेम अर्धं मिनिट उरलं, पहिल्या घंटीला गोंधळली, दुसरी झाली तेव्हा वाक्य अर्धं. परीक्षकांचा शेरा: विचार चांगले, सादरीकरणात कमी, शिवाय प्रतिपक्षाला मदत केली. पहिलं बक्षीस चारोळीवाल्या मुलाला.

खरी गंमत पुढे. आजोबा प्रेक्षकांत होते. निकाल लागल्यावर तडक परीक्षकांकडे निघाले. "मदत नाही केली, तिनं तुमच्या त्या पोराला वाचायला शिकवलं," वगैरे. जन्मभराचे विदर्भवादी, आणि विदर्भाच्या विरोधात बोललेली पोरगी हरली म्हणून भर सभागृहात भांडायला उभे! ह्यांनी आणि मी दोन्हीकडून दंड धरून बाहेर आणलं. बर्डीवर येईपर्यंत बडबड चालू होती.

लेक गाडीत मागे बसून फुलस्केपवर काहीतरी लिहीत होती. मला वाटलं रडतेय. पाहिलं तर डावीकडे लिहिलं होतं 'परीक्षक काय म्हणाले', आणि उजवी बाजू अजून कोरी होती.

---

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी १२.०५

तो कागद टाकू नका. आणि घंटीचा सराव राहिला वाटतं. पहिली घंटी झाली की नवीन मुद्दा घ्यायचा नाही, हातात आहे तो संपवायचा. घरी रोज पाच मिनिटं करून घ्या, विषय काहीही चालेल.

---

ऋता_धरमपेठ | रविवार, दुपारी १२.२०

आज कारलंच आहे सर.